जेवणात कालवलेली पुडी

एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. त्यांचे वडील सहा वर्षांपूर्वी यकृताच्या सिरॉसिसने गेले. शेवटच्या वर्षात त्यांना भ्रम व्हायचा, दिवसा झोप आणि रात्री जाग, घरच्यांची नावंही आठवायची नाहीत. तेव्हा डॉक्टरांनी इतर औषधांबरोबर प्रोबायोटिकची, म्हणजे उपयोगी जिवाणूंची, पूड दिली होती. त्यानंतर काही दिवस वडील पुन्हा ओळखीने बोलू लागले, हे या ताईंच्या मनात पक्कं बसलं आहे. आता त्यांच्या ५२ वर्षांच्या पतींच्या सोनोग्राफीत 'ग्रेड टू फॅटी लिव्हर' आलं. पती आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी दारू घेतात, पथ्याचा विषय निघाला की उठून जातात. म्हणून ताई गेले तीन महिने त्यांच्या नकळत रात्रीच्या गरम जेवणात प्रोबायोटिकची पुडी कालवतात. जोडीला 'यकृत शुद्ध करणारी' वनस्पतींची कॅप्सूल "व्हिटॅमिनची आहे" असं सांगून देतात. एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) ८२ वरून ६१ वर आलं. त्या विचारतात : मात्रा वाढवू का? कोणती पूड सर्वांत चांगली? लपवून देणं चूक आहे का? आणि अगदी शेवटी एक ओळ : "बाबांना ही पूड आधी सुरू केली असती तर ते वाचले असते का?"

ताई,

आधी पुडीचंच बोलते, कारण तुमचा पहिला प्रश्न तिच्या मात्रेचा आहे. वेष्टनाचा जो फोटो तुम्ही जोडलाय त्यावर लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडोबॅक्टेरियम ही नावं दिसतात. हे नाजूक जीव आहेत. वाफाळत्या जेवणात पडले की काही मिनिटांत त्यांतले बहुतेक मरतात. (बॅसिलस कुळातले काही जिवाणू बीजाणूच्या कवचात राहून उष्णता सोसतात, पण तुमच्या पुडीत ते नाहीत.) जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये प्रोबायोटिकची व्याख्या केली, तिच्यात पहिलीच अट जिवंत असण्याची आहे. पुरेशा संख्येने घेतल्यावर शरीराला फायदा व्हावा, ही त्यापुढची. म्हणजे तीन महिने रोज रात्री तुम्ही जे कालवलंत, ते बहुतांशी मेलेले जिवाणू होते. मात्रा दुप्पट केलीत तर मेलेलेच दुप्पट जातील.

मग ८२ चे ६१ कशाने झाले? उत्तर तुमच्याच पत्रात, दुसऱ्या पानावर, ओझरतं येऊन गेलंय. दाढ काढली, अँटिबायोटिक चालू होतं, म्हणून दारूला "महिनाभर यांनी हात लावला नाही". दुसरी रक्ततपासणी त्याच महिन्याच्या अखेरची आहे. तारखा जुळवून पाहा. माझ्या मते श्रेय पुडीचं नाही, त्या महिन्याचं आहे. शिवाय हा आकडा काहीही न करतासुद्धा थोडा वर-खाली होत असतो. आणि ६१ म्हणजे सुटका नव्हे. बऱ्याच लॅब आपल्या छापील रिपोर्टवर ४०-५० पर्यंत 'नॉर्मल' लिहितात, पण निरोगी पुरुषात एसजीपीटी साधारण ३० च्या आसपास आणि स्त्रीत २५ च्या आत असावं, असं यकृततज्ज्ञ मानतात.

हे वाचून तुम्हाला वाटेल की मी सगळंच उडवून लावते आहे. तसं नाही. आतड्यातल्या जिवाणूंचा आणि यकृताचा संबंध तुम्ही समजता त्याहूनही जवळचा आहे, आणि तो नीट कळला तर पुढचं बोलणं सोपं जाईल.

यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी जवळजवळ तीन चतुर्थांश रक्त हृदयाकडून थेट येत नाही. ते आतड्यांवरून, पोर्टल व्हेन नावाच्या मोठ्या शिरेतून येतं. आपण खाल्लेलं पचून जे रक्तात उतरतं, त्याचा पहिला थांबा यकृत. आतड्यात राहणाऱ्या जिवाणूंची संख्या साधारण ३८ लाख कोटी धरली जाते. त्यांच्यात आणि त्या रक्तात आडवी असते ती आतड्याची आतली भिंत, आणि तिच्या सर्वांत आतल्या अस्तराची जाडी असते एका पेशीची. पेशीला पेशी घट्ट जोडलेली, वरून चिकट श्लेष्म्याचा थर, आणि दर चार-पाच दिवसांनी अस्तरातल्या जवळपास सगळ्या पेशी नव्याने येणाऱ्या. हे सांधे सैल पडले की जिवाणूंच्या कवचाचे तुकडे, ज्यांना एंडोटॉक्सिन म्हणतात, ते रक्तात झिरपतात आणि सरळ यकृतात पोहोचतात. तिथे पहाऱ्याला कुप्फर पेशी असतात. त्या हे तुकडे ओळखतात आणि दाह सुरू करतात. थोडा दाह यकृत पचवतं. रोजचा दाह वर्षानुवर्षं चालला की यकृतात चट्टे पडू लागतात. त्यालाच फायब्रोसिस म्हणतात, आणि त्याची शेवटची अवस्था म्हणजे सिरॉसिस.

ते सांधे सैल करणाऱ्या गोष्टींत दारू पहिल्या रांगेत आहे. यकृताच्या पेशींना ती थेट इजा करते, आणि भिंतीतून वाटही करून देते. तुम्ही रात्री जेवणात पुडी घालता आणि त्याच्या तासभर आधी त्या घरात ग्लास भरलेला असतो. जिवंत जिवाणू जरी पोचवलेत, तरी ते एका बाजूने भिंत लिंपणार आणि दुसरीकडून ती पुन्हा पुन्हा उकरली जाणार.

आता पुरावा काय म्हणतो ते सांगते, कारण "यकृत रक्षक" असं लिहिलेली प्रत्येक बाटली पुराव्याचाच दाखला देते. उंदरांवरचे निकाल खरोखर चकित करणारे आहेत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात फॅटी लिव्हर झालेल्या उंदराचे आतड्यातले जिवाणू निर्जंतुक वाढवलेल्या उंदरांत सोडले, आणि त्याच चरबीयुक्त आहारावर त्यांच्याही यकृतात चरबी साठली. दुसऱ्या, निरोगी राहिलेल्या उंदराचे जिवाणू ज्यांना मिळाले, ते बरेच बचावले. म्हणजे जिवाणूंचा यात हात असतो, हे खरंच. माणसांवरच्या छोट्या चाचण्यांतही काही आठवडे प्रोबायोटिक घेतल्यावर एसजीपीटी थोडं उतरलेलं दिसतं. पण या चाचण्या बहुधा लहान, थोड्या काळाच्या, आणि प्रत्येकीत जिवाणू निराळे. त्या एकत्र करून "अमुक पूड घ्या" असं सांगता येत नाही.

जरा मोठी आणि शिस्तीत केलेली चाचणी हवी असेल तर ब्रिटनमधली पाहा, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेली. फॅटी लिव्हरचे १०४ रुग्ण, सुमारे वर्षभर. निम्म्यांना बिफिडोबॅक्टेरियम आणि त्याचं खाद्य असलेला तंतू, निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय पूड. वर्षाअखेरीस पहिल्या गटाच्या आतड्यातले जिवाणू खरंच बदलले होते. यकृतातली चरबी मात्र दोन्ही गटांत सारख्याच प्रमाणात हलली. सगळे हिशेब लावल्यावर चरबी कमी होण्याशी एकाच गोष्टीचा संबंध उरला : वजन कमी होणं. मला हा निकाल फार बोलका वाटतो. पुडीने आपलं काम केलं, पण ते काम यकृतापर्यंत पोहोचलं नाही. २०२४ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांतही फॅटी लिव्हरवर अशा पूरकांची शिफारस नाही, पुरेसा पुरावा नसल्याने.

"पण घेतलं तर अपाय तर नाही ना?" हे तुम्ही लिहिलंय, आणि असं लिहिणाऱ्या तुम्ही एकट्या नाही. धडधाकट माणसाला सहसा नाही. पोट फुगतं, वारा धरतो, इतकंच. मात्र नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाच्या तीव्र सुजेच्या रुग्णांना प्रोबायोटिक देऊन पाहिलं, त्याचा निकाल २००८ मध्ये आला. प्रोबायोटिक मिळालेल्या १५२ जणांपैकी २४ दगावले, न मिळालेल्या १४४ पैकी ९. घरातलं कुणी गंभीर आजारी असेल, केमोथेरपी चालू असेल, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं असतील, मोठ्या शिरेत नळी घातलेली असेल किंवा सिरॉसिस पुढच्या टप्प्यावर असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक पुडीही देऊ नका.

ज्यांना तरीही घ्यायचं आहे त्यांच्यासाठी दोन शब्द. वेष्टनावर फक्त कुळाचं नाव असून भागत नाही. शेवटी अक्षरं-आकड्यांचा जो संकेत असतो तो वाणाचा, आणि परिणाम वाणागणिक बदलतो. जिवंत जिवाणूंची संख्या 'तयार करताना' इतकी असं लिहिलंय की 'मुदत संपेपर्यंत' इतकी, ते बघा, दुसरीच उपयोगाची. कुठे साठवायचं ते वाचा. गार किंवा कोमट पदार्थात घ्या. आणि आठ-बारा आठवड्यांत ज्यासाठी घेतलं त्यात फरक नसेल तर थांबवा. तुमच्या पतींसाठी मी यातलं काहीच आज सुचवत नाही. "सर्वांत चांगली पूड कोणती" या प्रश्नाला त्यांच्या बाबतीत माझ्याकडे नाव नाही.

त्या वनस्पतींच्या कॅप्सूलबद्दल मात्र मला तुम्हाला थांबवायचंच आहे. ती आजच बंद करा, आणि डबी फेकू नका, डॉक्टरांकडे न्या. 'यकृत शुद्ध करण्याची' गरज नसते. शुद्ध करण्याचं काम यकृतच करतं. उलट ग्रीन टीचा तीव्र अर्क, गार्सिनिया, अश्वगंधा, मिरीच्या अर्काबरोबर दिलेली जास्त मात्रेची हळद अशा कॅप्सूलींनी काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात भरपूर आहेत. नुसत्या चहाने किंवा स्वयंपाकातल्या हळदीने असं होत नाही, प्रश्न अर्काचा आणि मात्रेचा आहे. उद्या यांचं एसजीपीटी अचानक चढलं तर डॉक्टर दारूला दोष देतील, आणि ते गोळीचं नाव विचारतील तेव्हा हे "व्हिटॅमिन" असं सांगतील. लपवण्याचा खरा धोका इथे आहे.

आता ज्याची मला पुडीपेक्षा कितीतरी जास्त काळजी वाटते त्या गोष्टीकडे येते. तुम्ही रिपोर्टचे फोटो पाठवलेत, तर कागद-पेन घेऊन बसले. फिब-४ नावाचा एक साधा हिशेब आहे. वय गुणिले एसजीओटी (एसजीपीटीसारखंच आणखी एक एन्झाइम), हे वर. खाली प्लेटलेटची संख्या हजारांत, गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. यांचं वय ५२, एसजीओटी ५८, प्लेटलेट १ लाख ९० हजार, म्हणजे १९०, आणि एसजीपीटी ६१. वर ३,०१६ येतात, खाली साधारण १,४८४. उत्तर २.०३.

हा आकडा १.३ च्या खाली असेल तर यकृतात पुढच्या टप्प्याचे चट्टे असण्याची शक्यता कमी. २.६७ च्या वर असेल तर बरीच. यांचा मध्ये आहे, म्हणजे या हिशेबावर सोडून देता येणार नाही, पुढे पाहायला हवं. दारूने एसजीओटी चढतं, त्यामुळे आकडा थोडा फुगलेलाही असेल. घाबरून जाऊ नका, पण फायब्रोस्कॅन करून घ्या. सोनोग्राफीसारखीच, न दुखणारी, काही मिनिटांची तपासणी आहे. यकृत किती कडक झालंय ते तिच्यात कळतं. सोनोग्राफीतली 'ग्रेड' चरबीची असते, चट्ट्यांची नसते, आणि माणसाचं पुढचं आयुष्य चट्ट्यांवर ठरतं. बहुतेक घरांत ग्रेड वन की टू यावरच चर्चा थांबते, आणि तीच प्लेटलेटची संख्या त्याच फायलीत दुसऱ्या पानावर पडून असते. एसजीपीटी नॉर्मल असूनही यकृत बरंच कडक झालेलं असू शकतं, म्हणून त्या एका आकड्यावर विसंबू नका. (इतर वाचकांनी हा हिशेब करताना ध्यानात ठेवावं : पासष्टीनंतर खालची रेषा १.३ ऐवजी २ धरतात, आणि पस्तिशीच्या आत तो भरवशाचा नाही.)

त्याच भेटीत हेपटायटिस बी आणि सी, साखरेची तीन महिन्यांची सरासरी आणि कोलेस्टेरॉल तपासून घ्या. हेपटायटिस सी निघालाच तर तो आता आठ-बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी ९५ टक्क्यांहून अधिक लोकांत पूर्ण बरा होतो. डोळे पिवळे दिसले, पोटात पाणी साठून पोट ताणलं, काळी शौच किंवा रक्ताची उलटी झाली, बोलण्यात गोंधळ आला, तर अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

लपवून देणं चूक आहे का, या प्रश्नावर मी आडवळण घेणार नाही. हो, चूक आहे. ती प्रेमापोटी झाली हे मला कळतं, आणि वडिलांना तसं पाहिलेल्या मुलीने नवऱ्याच्या बाबतीत हातावर हात ठेवून बसावं अशी माझी अपेक्षाही नाही. पण शरीर त्यांचं आहे. शिवाय या पुडीने तुमच्या घरात एक वेगळंच काम केलंय. "काहीतरी चालू आहे" असं वाटून तुम्हाला रात्री झोप लागू लागली, आणि ज्या बोलण्याला तुम्ही दोघंही घाबरता ते तीन महिने पुढे गेलं.

ते बोलणं करा, पण संध्याकाळी ग्लास समोर असताना नको. सकाळी, दोघंही निवांत असताना, रिपोर्ट हातात घेऊन. सुरुवात स्वतःच्या कबुलीने करा : "मी तुमच्या जेवणात पुडी घालत होते, आणि ती गोळी व्हिटॅमिनची नाही. मला भीती वाटत होती." ते चिडतील. चिडू द्या. मग बाबांची ती रात्र सांगा, जी तुम्ही मला पत्रात सांगितली आहे. यांनी ती तुमच्या तोंडून कधी ऐकली आहे का? पत्रावरून मला तसं वाटलं नाही. आणि त्यांच्याकडे एकच गोष्ट मागा, दहा नको : पुढच्या तपासणीपर्यंत दारू पूर्ण बंद. दाढेच्या निमित्ताने महिनाभर ते राहिले आहेत, म्हणजे जमतं, आणि त्या महिन्याचा निकाल रिपोर्टवर छापलेला आहे. तो आकडा त्यांच्याच नावावर लावा. माझ्यामुळे उतरलं म्हटल्यावर माणूस पुन्हा करून बघतो.

रोज पिणाऱ्या आणि न मिळाल्यास हात थरथरणाऱ्या, घाम फुटणाऱ्या माणसाने मात्र एकदम सोडू नये. त्यात फिट येऊ शकते, जिवावर बेतू शकतं. तिथे डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडायची.

दारूच्या खालोखाल वजन. यांचं ८६ किलो आहे असं लिहिलंत. ३ ते ५ टक्के उतरलं की यकृतातली चरबी हटू लागते, ७ ते १० टक्क्यांनी दाह शमतो आणि चट्टेही काहींचे मागे सरतात. म्हणजे सहा ते साडेआठ किलो, सावकाश, सहा महिने-वर्षभरात. उपाशी राहून झपाट्याने उतरवलं तर यकृतालाच त्रास होतो. साखरेची पेयं सर्वांत आधी बंद. आणि जिवाणूंवर तुमचा जीव आहेच, तर जे आत आहेत त्यांनाच खाऊ घाला. डाळी, सालीसकट धान्य, भाज्या, फळं यांतला तंतू आपल्याला पचत नाही, तो मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या वाट्याला जातो. ते त्यापासून ब्यूटिरेट नावाचं आम्ल बनवतात, आणि मोठ्या आतड्याच्या त्या एका पेशीच्या अस्तराचं मुख्य इंधन हेच आम्ल. हे मात्र जेवणात उघडपणे वाढता येतं, आणि गरम वाढलं तरी वाया जात नाही.

शेवटची ओळ मी मुद्दाम शेवटी ठेवली.

बाबांना जो भ्रम व्हायचा, त्यात अमोनियाचा मोठा वाटा होता. आतड्यातले जिवाणू अमोनिया तयार करतात, निरोगी यकृत तो निकामी करतं. सिरॉसिसमध्ये तो तसाच पुढे जातो आणि मेंदूपर्यंत पोहोचतो. त्यावर मुख्य औषध लॅक्टुलोज. तुम्ही ज्याला "पोट साफ करणारं गोड औषध" म्हटलंय ते तेच असणार. दिवसातून दोन-तीनदा मऊ शौच झाली की अमोनिया बाहेर पडतो आणि माणूस भानावर येतो. प्रोबायोटिक त्याच्या जोडीला देतात, आणि यकृताच्या सगळ्या आजारांत त्याची बाजू इथेच जरा भक्कम आहे. २०१७ मध्ये २१ चाचण्यांतल्या १,४२० रुग्णांचा एकत्र आढावा घेतला गेला. निष्क्रिय पूड किंवा काहीच न मिळालेल्यांपेक्षा प्रोबायोटिक घेणाऱ्यांचा भ्रम अधिक वेळा निवळल्याचं दिसलं. पुरावा मात्र कच्चाच होता, आणि मृत्यूंच्या संख्येत फरक आढळला नाही.

बाबा त्या दिवसांत तुम्हाला नावाने हाक मारत होते, ते तुम्ही वेळच्या वेळी चमच्याने पाजलेल्या त्या गोड औषधामुळे, आणि कदाचित थोडं पुडीमुळे. त्यांचं यकृत त्याआधीच कितीतरी वर्षं कडक होत आलं होतं, आणि ते मऊ करणारी पूड तेव्हा नव्हती, आजही नाही. पुडी उशिरा सुरू झाली म्हणून बाबा गेले नाहीत, ताई.